कोमट पाण्याचा प्रयोग

आठवीत असताना शास्त्राच्या सरांनी काचेच्या हंडीखाली कोमट पाण्याचे चंचुपात्र ठेवले आणि निर्वात पंपाने आतली हवा काढून घेतली, तेव्हा विस्तवाशिवाय उकळणारे पाणी पाहून आम्ही मागच्या बाकावरचे सारे उभे राहिलो. सोनेगावला उतरणारी विमाने मैदानावरून जाताना रोजच दिसत असल्यामुळे मी विचारले, की मग उंचावर वैमानिकाचे रक्त उकळत नाही का? सर म्हणाले, "उत्तर सापडले की मला येऊन सांग."

उत्तर सापडायला वैद्यकीय पदवी आणि त्यानंतर बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन गाठावी लागली. सुमारे १९ किलोमीटर उंचीवर हवेचा दाब इतका उतरतो, की शरीराच्या तापमानालाच पाणी उकळते. रक्त मात्र वाहिन्यांच्या दाबाखाली असल्याने ते तसे उकळत नाही. वैमानिकाचा खरा शत्रू त्याच्या पुष्कळ खाली, प्राणवायूच्या कमतरतेत दबा धरून असतो.

ही संस्थाही १९५७ मध्ये 'स्कूल' म्हणूनच सुरू झाली, ही गोष्ट शाळेच्या स्मरणिकेत नोंदवताना मला विशेष आनंद होतो. व्हॅम्पायर, तूफानी आणि नंतर हंटर अशी जेट विमाने हवाई दलात आली, यंत्राचा वेग माणसाच्या सोसण्यापलीकडे जाऊ लागला, आणि वैमानिकाच्या शरीराचा स्वतंत्र अभ्यास अटळ ठरला. राकेश शर्मा आणि रवीश मल्होत्रा यांच्या निवडचाचण्या येथेच झाल्या. शर्मा १९८४ मध्ये अंतराळात जाऊन आले आणि पुढच्याच वर्षी संस्थेच्या नावातील 'एव्हिएशन'च्या जागी 'एरोस्पेस' आले. गगनयानाच्या अंतराळवीरांची निवडही येथूनच झाली, आणि त्यांच्यापैकी शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आले.

पाहुण्यांना भुरळ पडते ती माणसाला गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजची. त्यात गुरुत्वाच्या नऊपट भार आला, की सत्तर किलोचा माणूस सहाशे तीस किलोचा होतो, रक्त पायांकडे ओढले जाते आणि आधी कडेचे दिसेनासे होऊन मग डोळ्यांपुढे काळोख येतो. पाय व पोट आवळून धरण्याचे तंत्र तेथे घोटून घेतात. मला मात्र उष्णतेवरचे काम अधिक मोलाचे वाटते. तापलेल्या धावपट्टीवर बंद कॉकपिटमध्ये बसलेल्या वैमानिकाची काय अवस्था होते, हे नागपूरच्या मे महिन्यात वाढलेल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दाबकक्षातला अनुभव सर्वांत बोलका होता. २५,००० फुटांइतक्या विरळ हवेत मुखवटा काढून शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मला अगदी प्रसन्न वाटत होते आणि आपले गणित बरोबर चालले आहे याविषयी तिळमात्र शंका नव्हती. खाली आल्यावर कागद पाहिला, तर चौथ्या ओळीपासून आकडे चुकलेले आणि अक्षर ओळींवरून घसरलेले. प्राणवायू कमी पडत असताना माणसाला ते कळतच नाही, म्हणून प्रत्येक वैमानिकाला स्वतःची लक्षणे तेथे एकदा ओळखून ठेवायला लावतात.

सुटीत नागपूरला आल्यावर तो कागद घेऊन मी सरांकडे उत्तर सांगायला गेलो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, चष्मा लावला आणि लाल पेनाने आधी वजाबाक्या तपासल्या.