आज सोळा पानं

गुरुवार, रात्र

आज सोळा. काल अकरा होती. सकाळी केर काढण्याआधी एकेक वेचली आणि टेबलावर मांडून बघत बसले. पिवळी फक्त तीन. बाकीची तेरा हिरवीगार, चकचकीत, एकाला डाग नाही की चुरगळलेलं टोक नाही. फांदीला नुसता हात लागला तरी पान सुटून येतं. पिवळं होऊन गळलं तर मनाला समजावता येतं. असं धडधाकट पान हातात आलं की जीव कासावीस होतो.

नऊ वर्षं झाली या फायकसला. आणलं तेव्हा गुडघ्याएवढं होतं, आता माझ्या खांद्याला लागतं. बेंजामिना जातीचं, झुकत्या फांद्यांचं. सगळी वर्षं खिडकीशी उभं होतं. तीन आठवड्यांपूर्वी तिथे टेबल ठेवायचं ठरलं म्हणून मी कुंडी आतल्या कोपऱ्यात सरकवली. जेमतेम चार पावलं. कोपरा मला अंधारा वाटलाच नव्हता, दिवसा मी तिथे दिवा न लावता वाचते.

पण उजेडाच्या बाबतीत आपल्या डोळ्यांवर विसंबता येत नाही. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते आणि आपल्याला सगळं पूर्वीसारखंच दिसतं. आज दुपारी फोनवरच्या ॲपने दोन्ही जागी उजेड मोजला. खिडकीशी ३००० लक्सच्या आसपास, कोपऱ्यात १५०. चार पावलांत विसावा हिस्सा! पानांना बाहुली कुठे असते? त्यांच्या वाट्याला आला तो नुसता उपास.

शुक्रवार

भरपूर उजेडात वाढलेलं पान जाड असतं, त्यात हिरव्या पेशींचे थरही जास्त. ते जिवंत ठेवायला झाडाला रोज खर्च येतो. उजेड आटला की पान कमावतं कमी आणि खातं तेवढंच. मग झाड त्याची पाठवणी करतं. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो, तो सैल पडतो आणि पान अलगद सुटतं. गळालेल्या पानाचं देठ भिंगाखाली धरलं तर टोक फाटलेलं नाही, स्वच्छ कापल्यासारखं दिसलं. म्हणजे हे ओरबाडलं गेलेलं नव्हतं, झाडानेच सोडलेलं होतं. हे कळल्यावर थोडं हलकं वाटलं.

मात्र यातली एक चूक सर्वस्वी माझी आहे आणि ती इथे लिहून ठेवते. पानं गळताना पाहून मी पाणी वाढवलं. आठवड्यातून एकदा घालत होते ते एक दिवसाआड घालू लागले. झाड मलूल दिसलं की हात आपसूक तांब्याकडे जातो. पण झाड पाणी ओढतं ते पानांच्या जोरावर. पानं निम्मी झाली, उजेड घटला, म्हणजे तहानही घटली. आज मातीत बोट खुपसलं तर दुसऱ्या पेरापर्यंत गार चिखल, आणि नाकाशी आणल्यावर कुबट वास. खाली बशीत पाणी साठलेलं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते आणि मी ती बंद करून टाकली होती.

बशी रिकामी केली. कुंडीखाली दोन लाकडी पट्ट्या सरकवल्या, म्हणजे तळाची भोकं मोकळी राहतील.

रात्री आईचा फोन. मी एका दमात सगळं सांगितलं: कुंडी बदलू का, खत घालू का, छाटू का. ती शांतपणे म्हणाली, "अगं, एकाच वेळी किती गोष्टी करशील त्याला? आधी जागेवर नेऊन ठेव आणि हात काढून घे."

शनिवार

टेबल दुसरीकडे गेलं, कुंडी खिडकीशी परतली. पुन्हा हलवल्याने आणखी पानं जातील, हे मला माहीत आहे. फायकसला जागेचा प्रत्येक बदल जाणवतो, अगदी ए.सी.चा थंड झोतसुद्धा. पण १५० लक्समध्ये ते तगलं असतं, वाढलं नसतं. म्हणून एवढं एकदाच. फरशीवर आणि कुंडीच्या काठावर खडूने खूण केली आहे, पुसताना कुणाकडून ती फिरू नये म्हणून.

अंगठ्याच्या नखाने एक निष्पर्ण फांदी किंचित खरवडली. आत ओला हिरवा रंग, आणि लगेच पांढऱ्या चिकाचा थेंब. जिवंत आहे! (हा चीक कातडीला झोंबतो, हात लगेच धुतले.) वड, पिंपळ, उंबर हेही फायकसच. पान तोडल्यावर येणारा तोच दुधासारखा चीक, फक्त इथे तो कुंडीत मावलाय.

नंतर, तिसरा आठवडा

रोज एक काडी मातीत खुपसून बघते. वरची दोन-अडीच सेंटिमीटर माती कोरडी झाली तरच पाणी, आणि तेही तळातून निथळेपर्यंत. खत बंद, नवी पालवी येईपर्यंत. उरलेल्या पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसली, खालून एक हात धरून. पानांच्या मागे खवले कीड आहे का बघितलं, तिचा चिकट थर आहे का बघितलं. नाही. दोन-तीन पानं अजून पडतात, पण मोजणं मी सोडलंय.

सहावा आठवडा

फरशीवर काहीतरी बारीक पडलं होतं. गळालेलं पानच, असं वाटून उचललं. पान नव्हतं. नखाएवढं, कागदी, टोकदार, आतून पोकळ टरफल. फायकसचं कोवळं पान अशा वेष्टनात गुंडाळलेलं असतं. ते उलगडलं की वेष्टन झडतं आणि काडीभोवती बारीक वळं उरतं. सगळ्या फांद्या शोधल्या. खिडकीकडच्या शेंड्याला ते ताजं वळं सापडलं, आणि त्याच्या पुढे पोपटी, अजून अर्धं मिटलेलं, इतकं मऊ पान की बोट लावायचा धीर झाला नाही.