नाव गावच्या यादीत, माणूस मुंबईत: गुहागरमधल्या मतदार सर्व्हेचा माझा अनुभव

2024 च्या विधानसभेआधी मी गुहागर मतदारसंघात मतदारांचा सर्व्हे केला होता. त्यातलं एक प्रकरण आठवलं की अजून डोकं तापतं, म्हणून लिहून काढतेय. सिलेक्शन, ट्रेनिंग, टॅब मिळणं हे सगळं दोन दिवसांत उरकलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. निवडणूक 15 ऑक्टोबरला जाहीर झाली, मतदान 20 नोव्हेंबरला, आणि आम्हाला दिवाळीच्या आत फिल्ड संपवायचं होतं.

आमची पद्धत अशी की रस्त्यात भेटेल त्याला विचारायचं नाही. बूथची मतदार यादी घ्यायची, त्यातून ठरावीक अंतराने नावं उचलायची आणि त्याच माणसाला गाठायचं. माझ्या एका बूथच्या यादीत 940 नावं होती आणि 20 मुलाखती हव्या होत्या, म्हणजे दर 47 वं नाव. सुरुवात 13 पासून, मग 60, मग 107, असं करत. नवरा म्हणाला "तिचं मी सांगतो" तरी चालत नाही, यादीत बायकोचं नाव असेल तर बायकोशीच बोलायचं. भातकापणी चालू होती त्यामुळे दिवसा घरात कुणी सापडायचं नाही, मी संध्याकाळी सातनंतर टॉर्च घेऊन वाड्यांवर जायचे.

"यंदा मत देणार का?" असं सरळ विचारलं की सगळेच हो म्हणतात. कुणाला आपण मत देत नाही हे सांगायला आवडतं? पण 2019 च्या विधानसभेला राज्यात मतदान झालं होतं 61 टक्क्यांच्या आसपास. म्हणून खरोखर मत देणारे कोण हे ओळखायला चाळणी लावतात: 7 मे ला लोकसभेला मत दिलंत का, तुमचं केंद्र कुठल्या शाळेत आहे, मतदानाच्या दिवशी कुठे असणार. अमेरिकेत जनमताचे सर्व्हे करणाऱ्या गॅलप संस्थेने 1950 च्या दशकात अशीच प्रश्नांची चाळणी बसवली होती. शाळेचं नाव झटकन सांगणारा माणूस बहुतेक वेळा जाऊन आलेला असतो.

आता अडलं कुठे ते सांगते. त्या 20 नावांपैकी 9 माणसं मुंबईला! कोकणात हे काही नवीन नाही. घरात आई-वडील, मुलगा-सून विरार नाहीतर डोंबिवलीला, नावं मात्र गावच्या यादीत, आणि गणपती-शिमग्याला येतात तसे मतालाही गाड्या करून येतात. अ‍ॅपमध्ये पर्याय पाचच: मुलाखत पूर्ण, नकार, घर बंद, मयत, कायमचे स्थलांतरित. घर बंद म्हणावं तर म्हातारी पडवीत बसून माझ्याशी बोलतेय. स्थलांतरित म्हणावं तर ती सांगतेय, "झील (मुलगा) मे मध्ये येऊन गेला गो बाय, आताय येनार." आणि पाचवा पर्याय टाकला की ते नाव उडतं, अ‍ॅप लगेच बदली नाव देतं, ते गावात राहणाऱ्याचं. मी टाकलं नाही. टाकलं नाही म्हणून बूथ लॉक, सिंक होईना म्हणजे टॅबमधली माहिती ऑफिसला जाईना, पुढचा बूथ उघडेना.

शृंगारतळीच्या बाजारपेठेत येऊन सर्व्हेच्या ऑफिसला फोन लावला. पहिल्या दिवशी "कळवतो". दुसऱ्या दिवशी तीन वेळा फोन, दर वेळी वेगळा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. शेवटी एकजण म्हणाला, "मॅडम, 5 टाका आणि पुढे जा, बाकीच्यांनी तेच केलंय." माझा संताप झाला. अहो, हजार जणांच्या सर्व्हेत साधारण 3 टक्के इकडे-तिकडे होतं असं तुम्हीच ट्रेनिंगला शिकवलंत ना? ते 3 टक्के नमुना निवडण्यातल्या नशिबाचे. मुंबईची कमावती माणसं गाळून त्यांच्या जागी गावातलीच माणसं भरलीत तर ती चूक त्या 3 टक्क्यांत येत नाही, आणि हजाराच्या जागी दहा हजार माणसं घेतलीत तरी जात नाही.

ऑफिसची वाट बघत बसण्यापेक्षा मी शंभरपानी वही घेतली आणि नऊच्या नऊ घरी परत गेले. प्रत्येक नावापुढे लिहिलं: मे मध्ये आला होता का, यंदा कशाने येणार, फोन नंबर. एका घरात आजी नंबर देईना. खळ्यात भाताचे भारे रचलेले, ती त्यांच्यावर ताडपत्री ओढत होती, पाऊस येतोय की काय अशी हवा. ओढता ओढताच म्हणाली, "नाव कापायला आलीस काय?" तिची भीती खोटी नव्हती. दोन मतदारसंघांत नाव ठेवायला कायद्याने बंदी आहे, आणि तिच्या मुलाचं एकच नाव होतं, ते गावचं. तेच कापलं गेलं तर त्याला मतच उरणार नाही. मी ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं, ओळखपत्र दाखवलं, नाव काढायचा फॉर्म 7 वेगळा असतो आणि तो माझ्याकडे नाही हे समजावलं. मग तिने आतून कॅलेंडर आणलं, त्याच्या मागे पेनाने लिहिलेला नंबर होता.

तिसऱ्या दिवशी रात्री ऑफिसातल्या रिसर्च बघणाऱ्या मॅडमचा स्वतःहून फोन आला. वहीच्या पानांचे फोटो मागितले, पंधरा मिनिटं नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅप अपडेट झालं आणि सहावा पर्याय आला: "बाहेरगावी, मतदानाला येण्याची शक्यता", आणि त्यांची मुलाखत फोनवर घ्यायची परवानगी. मला रडूच आलं. नऊपैकी सहा जण फोनवर लागले, चौघांची गाडी आधीच ठरलेली होती.

हो, एक राहिलं, असा सर्व्हे करायला जाणाऱ्या मैत्रिणींसाठी. अंगावर कुठल्याही पक्षाच्या रंगाची ओढणी नको, मी पहिल्या दिवशी ही चूक केली आणि एका वाडीत कुणी बोललंच नाही. चिन्हांची डमी मतपत्रिका माणसाच्या हातात द्या आणि तोंड फिरवून उभ्या राहा, त्याने घडी करून पेटीत टाकेपर्यंत. "एक्झिट पोलवाली काय?" असं विचारतील, तेव्हा सांगा की तो मत देऊन बाहेर पडलेल्यांचा असतो. आणि बदली नाव घ्यायच्या आधी तीन फेऱ्या माराच.

ज्यांनी आधीच 5 टाकून बूथ बंद केले होते ते मात्र ऑफिसने परत उघडले नाहीत. मी दोनदा मेल केला. उत्तर आलं नाही, आणि माझ्या पेमेंटमधून ते तीन दिवस "काम नाही" म्हणून कापले गेले. वही अजून माझ्याकडे आहे.