सगळ्या वर्गाला न दिसलेला आकडा

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव असा मेसेज आला तेव्हा डोक्यात घंटा, मैदान, प्रार्थना वगैरे काही आलं नाही, ते बाकीचे लिहितीलच. मला आठवला भूगोलाच्या तासाला भिंतीवर लटकवायचे तो प्राकृतिक नकाशा. मैदानं हिरवी, डोंगर तपकिरी. मला तिथे एकच मातकट रंग दिसायचा, कुठे गडद कुठे फिका. सर छडी टेकवून विचारायचे, हे काय, डोंगर की मैदान? मी नदी बघून सांगायचो, ती निघते तिकडे डोंगर आणि पसरते तिकडे मैदान. उत्तर बरोबर यायचं त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही, मला वाटायचं सगळे असंच ओळखतात!

मग आठवीत डोळे तपासायला डॉक्टर आले. त्यांच्याकडे रंगांधळेपणा तपासायचं ते ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक होतं, इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरने १९१७ मध्ये काढलेलं, आजही जगभर तेच वापरतात. एका पानावर सगळे ७४ वाचत होते, मी २१ वाचलं. वर्गात हशा. अजून एक पान, परत हशा. मग डॉक्टरांनी एक वेगळंच पान काढलं आणि आधी बाकीच्यांना विचारलं, काय दिसतं? कुणालाच काही दिसेना, नुसते ठिपके. मी म्हणालो ४५. माझा बेंचवरचा पार्टनर म्हणाला, हा काहीही फेकतोय. डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे, ४५च आहे.

हशा एकदम बंद झाला, हे मला अजून लख्ख आठवतं :)

त्या पानाची युक्ती मला नंतर समजली. त्यात लाल-हिरव्या ठिपक्यांचा मुद्दाम एवढा गोंधळ घातलेला असतो की नॉर्मल डोळा त्यातच अडकतो. मी रंगांधळा, माझ्या डोळ्याला तो लाल-हिरवा फरक जाणवतच नाही, त्यामुळे गोंधळ आपोआप गळून पडतो आणि खालचा आकडा वर येतो. म्हणजे कमी दिसतं म्हणूनच जास्त दिसलं, आता याला काय म्हणायचं!

पण खरी मजा दुसऱ्या दिवशी आली. विज्ञानाच्या बाईंनी धडा बाजूला ठेवला आणि डाल्टनची गोष्ट सांगितली. हो, तोच अणुसिद्धांतवाला जॉन डाल्टन. त्याला १७९२ मध्ये एक जिरेनियमचं फूल दिवसा आकाशी दिसलं आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात लाल. लोक म्हणाले अरे ते दोन्ही वेळेला गुलाबीच आहे, फक्त त्याच्या भावाला त्याच्यासारखं दिसत होतं. १७९४ मध्ये त्याने यावर निबंध वाचला आणि कारण सांगितलं की माझ्या डोळ्यातला द्रव निळा असणार, त्यात लाल रंग शोषला जातो. मेल्यावर डोळा कापून बघा असंही सांगून ठेवलं. १८४४ मध्ये तो गेला, डोळा कापला, द्रव स्वच्छ पाण्यासारखा. एवढा मोठा शास्त्रज्ञ आणि स्वतःच्याच डोळ्याबद्दल साफ चुकला. पण तो डोळा जपून ठेवलेला होता. बाईंची गोष्ट इथे संपली होती, पुढचं मी बऱ्याच वर्षांनी वाचलं. १९९५ मध्ये त्या डोळ्यातून डीएनए काढला तेव्हा कळलं की हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणारं रंगद्रव्यच त्याच्या शंक्वाकार पेशींत (म्हणजे डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशींत) नव्हतं.

वर्ग खूश, कारण आता मी डाल्टनच्या पार्टीतला झालो होतो. पण बाई तिथे थांबल्या नाहीत. म्हणाल्या, हसलात ना काल याला, आता वह्या काढा.

ज्यांनी कधी केलं नाही त्यांनी आत्ता करून बघा. रेघी वहीच्या एका रेघेवर डावीकडे फुली काढायची, त्याच रेघेवर उजवीकडे साधारण आठ सेंटिमीटरवर ठळक ठिपका. डावा डोळा बंद, उजव्याने फक्त फुलीकडे बघायचं आणि वही हळूहळू जवळ आणायची. फूटभर अंतरावर कुठेतरी ठिपका गायब होतो. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस जिथून बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, तो अंधबिंदू. हे पुस्तकात होतंच, पाठ पण होतं. बाईंचा प्रश्न वेगळा होता, "ठिपका गेला ते कळलं, पण त्याच्या जागी काय दिसतंय?" सगळे परत डोळा मिटून बसले. जागी भोक नाही, काळं काही नाही, वहीची रेघ सलग चालू! जिथे काहीच पोचत नाही तिथे रेघ कुठून आली? "मेंदूने आजूबाजूचं बघून भरली," बाई म्हणाल्या, "आणि तुला न विचारता." मग म्हणाल्या, आता तुम्हाला माहीत आहे ना की तिथे भोक आहे, मग बघून दाखवा ते भोक. कुणालाही जमलं नाही. अजूनही जमत नाही, मी मधूनमधून ट्राय करतो.

माझं म्हणाल तर तिथेच कायमचं डोक्यात बसलं, की कारण कळलं म्हणून चित्र बदलत नाही. मला माझ्या आजाराचं (आजार म्हणजे काय, एक्स गुणसूत्रावरची गडबड, म्हणूनच मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त) सगळं शास्त्र माहीत आहे पण चार्जरचा दिवा लाल आहे की हिरवा ते आजही बायकोला विचारतो.

२०१५ मध्ये इंटरनेटवर व्हायरल झालेल्या त्या ड्रेसच्या फोटोवरून आपल्या बॅचच्या ग्रुपवर झालेली मारामारी आठवतेय का? निम्मे पांढरा-सोनेरी, निम्मे निळा-काळा, आणि दोन्हीकडचे दुसऱ्याला वेड्यात काढत होते. ड्रेस खरा निळा-काळाच होता. पण फोटोतला उजेड कसला हे मेंदू आधी गृहीत धरतो, सावलीतला निळसर धरला तर तो निळेपणा वजा करतो आणि ड्रेस पांढरा, दिव्याचा पिवळट धरला तर ड्रेस निळा. बरं, हे समजल्यावरही कुणाला रंग बदलून दिसला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प बसून मजा बघत होतो, कारण नॉर्मल डोळेवाले आपसात भांडत होते!

असो. शाळेला एक विनंती मात्र करतो, बाकी कौतुक लोक करतीलच. माझा भाचा पण माझ्यासारखाच आहे, बहिणीकडून आलंय. तुमच्या वर्गातही असा एखादा असणारच आणि तो माझ्यासारखाच नदी बघून उत्तरं देत असेल. तेव्हा ती ठिपक्यांची टेस्ट आठवीपर्यंत थांबू नका, पहिलीतच घ्या. नकाशात नुसता रंग न भरता रेघांचे, ठिपक्यांचे पॅटर्न पण द्या, आलेखातल्या दोन रेषा लाल आणि हिरव्या काढण्याऐवजी एक सलग आणि एक तुटक काढा. आणि हिरव्या फळ्यावर लाल खडूने महत्त्वाचं लिहायची सवय तेवढी सोडा हो, मागच्या बाकावरून आम्हाला तिथे काही लिहिलंय हेच दिसत नाही.