लोखंडी सांगाड्यावरून सिनेटच्या अध्यक्षपदावर

आपल्याकडे कामगार पुढारी म्हटलं की तो कामगारच असेल असं नाही. दत्ता सामंत तर डॉक्टर होते. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत मात्र इमारतींचे पोलादी सांगाडे उभारणारा स्टीव्ह स्वीनी 2010 ते 2022 अशी बारा वर्षं राज्याच्या सिनेटचा, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाचा, अध्यक्ष होता. त्या पदावर इतकी वर्षं दुसरं कोणी टिकलेलं नाही.

त्याच्या धंद्याला इथे आयर्नवर्कर म्हणतात. क्रेनने गर्डर वर आला की पान्याचं टोकदार शेपूट दोन्ही तुकड्यांच्या भोकांत घालून ती जुळवायची आणि शेजारच्या भोकात बोल्ट सरकवायचा. प्रत्येक जोडाला किमान दोन बोल्ट पान्याने आवळल्याशिवाय क्रेनचा दोर सोडायचा नाही, हा केंद्र सरकारचा नियम. एकाच बोल्टवर दोर सोडला तर गर्डर त्या बोल्टाभोवती फिरतो आणि वरचा माणूस खाली येतो.

राजकारणाची शिडी लागते ती युनियनच्या कार्यालयातून. लोकल युनियनचे, म्हणजे स्थानिक शाखेचे, पदाधिकारी कायद्यानेच दर तीन वर्षांच्या आत गुप्त मतदानाने निवडावे लागतात. कोणाची किती माणसं आपल्याबरोबर, हा हिशेब तिथेच पक्का होतो. आयर्नवर्करांच्या लोकल 399 मधून पुढे आलेला स्वीनी आधी ग्लॉस्टर काउंटीच्या (जिल्ह्याच्या) मंडळावर गेला आणि 2001 मध्ये सिनेटवर निवडून आला. आमदारकी इथे अर्धवेळ. तेव्हा वर्षाला 49,000 डॉलर मिळत, म्हणून युनियनची नोकरीही चालूच. यात हितसंबंधांची गुंतागुंत आहेच, पण न्यू जर्सीत त्याचं फारसं कोणाला वावडं नाही.

सिनेटमध्ये जागा 40, विधेयकाला मतं लागतात 21. कुठलं विधेयक मतदानाला घ्यायचं ते अध्यक्ष ठरवतो. नकोसं असेल तर ते नुसतं पडून राहतं. पगारी कौटुंबिक रजेचा 2008 चा कायदा हे स्वीनीचं चांगलं काम. रजा सहा आठवड्यांची होती आणि पैसा कामगारांच्याच पगारातल्या छोट्या कपातीतून यायचा. मालकांचा खर्चाचा मुद्दा त्यामुळे लंगडा पडला.

2011 मध्ये मात्र त्याने रिपब्लिकन गव्हर्नर ख्रिस क्रिस्टीशी हातमिळवणी केली. सरकारी नोकरांच्या पगारातून पेन्शनसाठी होणारी कपात वाढली, निवृत्तांची महागाईवाढ थांबली, आरोग्यविम्याचा हप्ताही चढला. स्वतःच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुतेक सदस्य विरोधात होते. बहुमत जमलं ते रिपब्लिकन मतांवर. बांधकाम युनियन आणि सरकारी नोकरांच्या युनियन यांचं जमतंच असं नाही, हे इथे उघडं पडलं. शिक्षक संघटनेने 2017 मध्ये त्याला पाडायला लाखो डॉलर ओतले, तरी तो आरामात निवडून आला.

हरला तो 2021 मध्ये, एडवर्ड डर या रिपब्लिकन ट्रकचालकाकडून, दोन हजारांहून थोड्या जास्त मतांनी. डरने अवघे 153 डॉलर खर्चले असं जगभर छापून आलं. खरं तर तो आकडा फक्त पक्षांतर्गत निवडणुकीचा. दक्षिण जर्सीचा कल रिपब्लिकनांकडे झुकत होता, आणि सिनेटमधली मतं अचूक मोजणाऱ्याचं घरच्या मतदारांकडे दुर्लक्ष झालं. 2023 मध्ये डरही पडला. स्वीनी 2025 मध्ये गव्हर्नरपदासाठी उतरला, पण डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिकी शेरिल यांनी जिंकली.