भोसरीतल्या प्रेस शॉपला गार्ड बसवताना आलेला अनुभव

आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं प्रेस शॉप आहे, म्हणजे प्रेस मशीनवर पत्रा कापायचं-वाकवायचं काम, ब्रॅकेट, क्लिपा, वॉशर असला माल निघतो. आम्ही झेडचं ब्राँझ सर्टिफिकेट घेतलं, झेड म्हणजे झिरो डिफेक्ट झिरो इफेक्ट, मालात दोष नको आणि पर्यावरणाला अपाय नको अशी केंद्राची योजना, 2022 ला नव्याने सुरू झालेली. उद्यम नंबर (छोट्या उद्योगांचा सरकारी नोंदणी क्रमांक) असला की नोंदणी ऑनलाइन होते, आधी शपथ, मग फोटो आणि कागद अपलोड करायचे. ब्राँझची फी 10,000 रुपये, त्यात सूक्ष्म उद्योगाला 80 टक्के आणि लघुउद्योगाला 60 टक्के सबसिडी. कागदाचं काम कुणालाही जमेल, त्यावर जास्त लिहीत नाही.

खरा कस लागला तो सुरक्षेच्या मुद्द्यावर. पॉवर प्रेसवर बोटं गेलेली माणसं आपल्या भोसरी-चाकण पट्ट्यात प्रत्येकाच्या ओळखीत आहेत, आणि आमच्याकडे तसं होऊ द्यायचं नाही हे मी आणि भावाने आधीच ठरवलं होतं.

चौकशीला सुरुवात केली की प्रत्येक विक्रेता पहिल्यांदा लाइट कर्टनच पुढे करतो, म्हणजे प्रेससमोर प्रकाशकिरणांचा पडदा, हात आत गेला की प्रेस थांबणार, ऐकायला मस्त. पण जुन्या प्रेसला पिन क्लच असतो (क्लच म्हणजे फिरतं चाक प्रेसला जोडणारा भाग), एकदा पॅडल दाबलं आणि पिन बसली की स्ट्रोक, म्हणजे प्रेसची एक वर-खाली फेरी, पूर्ण होणारच, मधे थांबवायची सोयच नाही, मग कर्टनला हात दिसला तरी तो करणार काय? कर्टन चालतो तो न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावरच्या क्लच-ब्रेकवाल्या प्रेसवर, तिथे स्ट्रोक मधेच थांबवता येतो. तिथेही अंतराचा हिशोब आहे, हात सेकंदाला 2 मीटरने येतो असं धरतात, म्हणजे प्रेस थांबायला 200 मिलिसेकंद लागत असतील तर कर्टन डायपासून (नगाला आकार देणारा साचा) निदान 400 मिलिमीटर लांब हवा, शिवाय थोडं जादा अंतर. हे आम्हाला एकाही विक्रेत्याने आपणहून सांगितलं नाही आणि याचा मला अजून राग येतो, कारण पिन क्लचवर कर्टन लावला तर माणूस उलट बिनधास्त होतो.

त्यामुळे मोठ्या प्रेसला क्लच-ब्रेक बदलून कर्टन, आणि छोट्या पिन क्लचवाल्यांना डायभोवती फिक्स गार्ड, म्हणजे कायम बसवलेली संरक्षक जाळी, फट 6 मिलिमीटरपेक्षा कमी, म्हणजे बोट आत जाऊच शकत नाही.

पण मग ब्लँक, म्हणजे प्रेसखाली ठेवायचा पत्र्याचा तुकडा, आत ठेवायचा कसा? आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, आम्ही त्यांना मामा म्हणतो, ते पहिल्याच शिफ्टला म्हणाले, "शेठ, याने नग निघणार नाहीत, आठवड्यात पोरं गार्ड काढून ठेवतील." बोलणं खरं होतं, आकडा गाठायचा असला की गार्ड आधी निघतो, सगळीकडे हेच होतं. मग त्यांनाच बरोबर घेऊन टूलरूममधे बसलो आणि ड्रॉवर केला, म्हणजे ब्लँक बाहेरच खाचेत ठेवायचा, ड्रॉवर आत ढकलायचा, तो पूर्ण बसल्याशिवाय पॅडल लागतच नाही. खाच अशी की ब्लँक उलटा बसतच नाही, त्यामुळे डबल हिट (चुकून दोनदा ठोका बसणं) गेले, पंच तुटायचे कमी झाले, स्क्रॅपचा बिन उशिरा भरायला लागला. आणि शिफ्टचा आकडा खाली न जाता वाढला, कारण हात जपत जपत काम करायची गरजच उरली नाही. एक टन स्टील बनताना जगाच्या सरासरीने 2 टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तेव्हा वाचलेला प्रत्येक ब्लँक हे पर्यावरणाचंच काम आहे असं मी मानतो.

नग बाहेर काढायला एअर ब्लो, म्हणजे दाबाच्या हवेचा झोत, दिला तर कॉम्प्रेसर जास्त चालायला लागला. गुरुवारी सुट्टीच्या दिवशी सगळी मशीनं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू केला आणि लोड-अनलोडचा, म्हणजे तो हवा किती वेळ भरतो आणि किती वेळ नुसता फिरतो याचा, वेळ लिहून काढला, एकूण वेळेतला लोडचा वाटा म्हणजे तेवढ्या टक्के हवा नुसती गळतीत. साबणाचं पाणी लावत कपलिंगं, पाइप, ड्रेन सगळं शोधलं आणि बदललं, मग प्रेशर 1 बारने उतरवलं, त्यात साधारण 6-7 टक्के वीज वाचते.

वापरलेलं ऑइल आता अधिकृत रिसायकलरलाच, तेलकट चिंध्या रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पाला मॅनिफेस्ट (कचरा पाठवल्याचा नोंदीचा कागद) करून, साठा 90 दिवसांच्या वर ठेवायचा नाही. भंगारवाला जास्त पैसे देतो, माहितीये, पण इंद्रायणीवरचा फेस आळंदीला गेलेल्या प्रत्येकाने बघितलाय, त्यात आपल्या नाल्याची भर नको.

आता झेडच्या सिल्व्हरची, म्हणजे ब्राँझच्या वरच्या पायरीची, तयारी चालू आहे. कुणाला ड्रॉवरचं ड्रॉइंग हवं असेल तर बिनधास्त मागा, फक्त तुमच्या प्रेसला क्लच कुठला आहे आणि ब्लँकचा साइज काय ते आधी कळवा.