पाच रुपयांचा परवाना

मी वर्ध्याचा. सेवाग्राम आमचंच, त्यामुळे जिल्ह्यात दारूबंदी. म्हणजे दुकान नाही. फोन केला की पोऱ्या गाडीवर आणून देतो. दोन पैसे जास्त लागतात, एवढंच.

त्यामुळे इंजिनिअरिंगला पुण्यात आलो आणि भर चौकात पाटी लावलेलं वाईन शॉप पाहिलं, तेव्हा मला जत्रेत आल्यासारखं वाटलं होतं.

कायद्याने महाराष्ट्रात बीअर-वाईनला 21 आणि बाकी दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात. वर परवानाही लागतो, 1949 च्या दारूबंदी कायद्याखालचा. एका दिवसाचा 5 रुपयांना. आणि दारू कशासाठी, तर म्हणे आरोग्य राखण्यासाठी! 21 व्या वर्षी पोरगा बोहल्यावर चढू शकतो, पण त्याच रात्री व्हिस्की प्यायला तर गुन्हा. असा कायदा कोण पाळणार? आमच्यातल्या दाढीवाल्याला पुढे केलं की काम व्हायचं. दुकानदाराने त्याला वय कधी विचारलं नाही.

2016 ची गोष्ट. सबमिशन संपलं त्या रात्री चौघांत रमचे दोन खंबे, चकण्याला फुटाणे आणि फरसाण. जेवण कोणीच केलं नव्हतं. रेक्टर राउंडला यायच्या आत संपवायचं म्हणून घाई. आठवड्याभराची तासाभरात. सम्याने पैज लावून ग्लासावर ग्लास कोरा मारला. अकराच्या सुमारास तो उताणा पडला. हाक मारली, चिमटा काढला, काही नाही. घशातून घरघर येत होती, कपाळ गार.

108 ला फोन करू, असं मी म्हणालो. "येडा झाला का बे? ॲम्ब्युलन्स आली की रेक्टर येणार, मग घरी फोन." आम्ही दार आतून लावलं आणि अर्धा तास त्याच्याकडे बघत बसलो. त्या अर्ध्या तासाची मला आजही लाज वाटते.

शेवटी मीच वॉचमन काकांना बोलावलं. ते ओरडले नाहीत. आधी सम्याला कुशीवर वळवलं, वरचा गुडघा दुमडला, हात गालाखाली सरकवला. त्यासरशी सम्या भडाभडा ओकला, सगळं गादीवर. "उताणा असता तर हे छातीत गेलं असतं," काका म्हणाले आणि स्वतःच 108 लावला. दवाखान्यात रात्रभर सलाईन. पुढे वसतिगृहाने चौघांनाही काढलं. सम्या सध्या नागपुरात आहे, पीत नाही. मी कधीमधी बीअर घेतो.

या वर्षी पुतण्या पुण्याला चाललाय, 18 पूर्ण. परवा त्याने विचारलं, "काका, तिथे किती वर्षांची अट आहे?" मी 25 म्हणालो. तो हसला. मग मी सोफ्यावर उताणा झोपलो आणि त्याला म्हटलं, आता मला कुशीवर वळव. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन बघत राहिल्या. त्याने खांदा धरून ओढलं, गुडघा विसरला. परत करायला लावलं.