जुनी पिकअप काढून कोणती घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

गेल्या वर्षी आम्ही पिकअप बदलली आणि तेव्हापासून लग्नाला जा, दहाव्याला जा, बचत गटाच्या मीटिंगला जा, कुणीतरी बाजूला घेतंच, वहिनी तुम्ही जुनी काढून कोणती घेतली, आमची पण सारखी बंद पडती, नवी घेऊ का सेकंडहँड? गाडी चालवतात आमचे हे, पण हिशोबाची वही माझ्याकडे असते हे भावकीत सगळ्यांना माहितीय, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. आता तुम्हीही विचारलंत, तर एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी आमचं सांगते म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. आम्ही ओतूरकडचे. टोमॅटो आणि कांदा. टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला, कांदा आळेफाट्याला नाहीतर ओतूरलाच, आणि भाजीपाला असला की कधीकधी माळशेज उतरून कल्याण, वाशी. जुनी गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कंपनीचा दोष नव्हता, वय झालं होतं आणि आमच्या आधीच्या मालकानं तिला रेती वाहायला लावली होती. सेल्फचा, म्हणजे स्टार्टरचा, भरवसा नाही म्हणून गाडी कायम उतारावर लावायची हा आमच्या घरातला नियमच झाला होता, पाहुण्यांच्या दारात गेलो तरी हे आधी उतार शोधणार. रेडिएटरसाठी पाण्याचे दोन कॅन सीटमागे. डिझेल लाइननं हवा धरली की पंप मारायला पोरं शिकली होती. असं सगळं सवयीचं होतं बघा, आणि सवयीचं झालं की माणूस त्याला खर्च म्हणत नाही.

पण वहीत ते दिसतं. लोक काय करतात, गॅरेजची बिलं जोडतात आणि म्हणतात, वर्षाला एवढेच तर लागतात, हप्त्यापेक्षा परवडलं. आमचे तात्या (सासरे) पण हेच म्हणायचे, हाफ इंजिन काम करून घेऊ, अजून पाच वर्षं पळंल. मी वहीत एक रकाना वेगळा केला, गाडीमुळं न पोचलेला किंवा उशिरा पोचलेला माल. तोडा झालेला टोमॅटो थांबत नाही. रस्त्यात गाडी उभी राहिली की दुसऱ्याची पिकअप बोलवा, तो अडला हरी बघून भाडं सांगणार, क्रेट एकीतून दुसरीत टाकायला माणसं, आणि मार्केटला पोचेपर्यंत चांगले व्यापारी भरून गेलेले. जुलै २०२३ आठवतोय ना, नारायणगावला २० किलोच्या क्रेटला दोन हजाराच्या वर भाव गेला होता, आणि त्याच्या आधी उन्हाळ्यात तोच टोमॅटो लोकांनी रस्त्यावर ओतला होता. भाव असा नाचत असताना बरोबर त्या दिवशी गाडी बंद पडली तर गॅरेजचं बिल बाराशे असेल, पण गेलेले पैसे किती ते मोजा. आमचा तो रकाना हंगामात गॅरेजच्या बिलांच्या पुढं गेला आणि तात्या गप्प झाले. म्हणजे पूर्ण गप्प नाही झाले, पण इंजिन बांधायचं बोलायचे थांबले.

म्हणून कोणती घेऊ याचं माझं उत्तर गाडीपासून सुरूच होत नाही. आधी मिस्त्री बघा. तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर, तुमच्या गावापासून मार्केटपर्यंत, कोणती गाडी कोण उघडू शकतो आणि तिचा पार्ट त्याच दिवशी कुठं मिळतो. आम्ही शोरूमला जायच्या आधी ओतूर, आळेफाटा आणि खाली मुरबाडला गॅरेजवाल्यांना विचारत फिरलो, की या या गाड्यांचं क्लच प्लेट, वॉटर पंप, कमानपाटे (चाकांवरचं वजन तोलणाऱ्या लोखंडी पट्ट्या), सेन्सर तुमच्याकडं लगेच मिळतं का. ब्रोशरमध्ये न मिळणारी माहिती तिथं मिळाली. आता एप्रिल २०२० नंतरच्या सगळ्या गाड्या बीएस सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या नियमाच्या आहेत, त्यामुळं तार जोडून, पाइप बांधून घरी आणायचे दिवस गेले. चेक इंजिनचा दिवा लागला की स्कॅनर लागतो. त्यामुळं मिस्त्रीला पहिला प्रश्न हाच, स्कॅनर आहे का. नसेल तर सर्व्हिस सेंटर किती लांब. आणि डिझेल बीएस सिक्सला धूर गाळायचं फिल्टर असतं, ते साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग आणि जरा वेगात पळावी लागते, तर ज्यांची गाडी फक्त शेत ते गाव अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारते त्यांनी हे शोरूममध्ये नीट विचारूनच घ्या.

दुसरं म्हणजे वजन. सगळे विचारतात १.३ टनाची घेऊ का १.७ ची, आणि मनात असतं की घेऊ १.३ आणि भरू अडीच. असं करू नका ओ. टोमॅटोचा हिशोब साधा आहे, ८५ क्रेट म्हणजे माल १७०० किलो, वर रिकाम्या क्रेटचं वजन दीडेक किलो धरलं तरी सव्वाशे किलो, वर हौद्याला जाळी वेल्डिंग करून उंच केला असेल तर त्याचं वजन, वर मागं बसलेली दोन माणसं. म्हणजे १.७ टनाची गाडीसुद्धा ८५ क्रेटला भरूनच वाहते. ओव्हरलोडला २०१९ च्या कायद्यानं २० हजार दंड आणि जादा प्रत्येक टनाला २ हजार, पण दंडापेक्षा मला कमानपाट्यांची भीती. पाटे वाढवून घेतले की गाडी बसत नाही, पण ब्रेक तेवढेच राहतात ना. चेसिसही तीच.

यात एक कागदाची गोष्ट पण आहे. गाडीचं भरून एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, त्याच्या वर गेलं की लागतं. १.३ वाल्यांचा मोठा फायदा तो आहे, ज्यांचा माल तेवढाच असतो त्यांनी उगाच मोठी घेऊ नये. लायसनचं मात्र टेन्शन घेऊ नका, साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ते परत पक्कं केलंय. आमच्या पुतण्याला यावरून उगाच कुणीतरी घाबरवलं होतं.

मग पोरं येतात पॉवर घेऊन. याला १०० एचपी, त्याला ८०. मी म्हणते माळशेजला जरा डोकं लावून बघा. आपण भरलेली गाडी घेऊन घाट उतरतो आणि रिकामी घेऊन चढतो. म्हणजे आपल्याला चढायला ताकद कमी आणि उतरायला ब्रेक जास्त पाहिजे, खालच्या गिअरमध्ये इंजिननं गाडी धरली पाहिजे. पावसाळ्यात धुकं, वरून दरड, आणि परत येताना मागचं टोक रिकामं असल्यानं ओल्या वळणावर मागची चाकं घसरतात ते वेगळंच. आम्ही टेस्ट ड्राइव्ह रिकामी घेतलीच नाही. शोरूमच्या पोराला सांगितलं, आमच्या ओळखीच्यांनी तुमच्याकडून घेतलेली गाडी दाखव, आणि त्यांच्याकडं भरलेल्या गाडीत यांना बसवून पाठवलं. पोरगं जरा नाराज झालं पण नंबर दिले त्यानं.

गाड्यांचं आता. छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, २००५ ला आला आणि गावागावात पोरांना धंदा देऊन गेला, पण पाऊणेक टनाची गाडी ती, दुकानाचा माल, दूध, पाण्याचे जार यांना झकास, आमच्या ८५ क्रेटचं काम नाही. मारुती सुपर कॅरीचंही तेच, सीएनजीत मिळते, सिटीत चालवणाऱ्याला सोन्यासारखी. टाटाची इंट्रा व्ही ५० दीड टनाची, हौदा लांब, केबिन कारसारखं, आमच्या जावेच्या माहेरी आहे आणि ते खूश आहेत. अशोक लेलँडची बडा दोस्त, तीन सिलिंडरचं दीड लिटरचं इंजिन, वळायला हलकी, बसायला ऐसपैस, खरं सांगू तर यांना चालवायला तीच जास्त आवडली होती. टाटा योद्धाला २.२ लिटरचं इंजिन आणि १०० एचपी, दोन टनापर्यंतचं मॉडेल २०२२ ला आलं, कांदा बटाटा जड भरणाऱ्यांनी जरूर बघावी. आणि महिंद्राची बोलेरो पिकअप, अडीच लिटरचं जुनं ओळखीचं इंजिन, चालवायला जरा दणकट, पाठ दुखते म्हणतात ते खोटं नाही.

आम्ही बोलेरो १.७ घेतली. कारण फक्त एकच, ओतूरपासून मुरबाडपर्यंत ज्या ज्या गॅरेजला विचारलं त्यातल्या जवळपास प्रत्येकानं ती उघडलेली होती आणि पार्ट समोरच्या फळीवर होता. तुमच्या पट्ट्यात तेच दुसऱ्या गाडीबद्दल खरं असेल तर ती घ्या. सांगोल्याच्या माझ्या मामेभावाला मी इंट्रा घे म्हणाले, कारण त्याच्या गावात सर्व्हिस देणारा तिचाच जवळ आहे.

नवी का सेकंडहँड, यावर जरा जास्त बोलते कारण इथंच लोक फसतात. आम्ही आधी सेकंडहँडच बघत होतो. एका यार्डात एक पिकअप दाखवली, तीन वर्षांची, मीटरवर किलोमीटर कमी, पॉलिश मारून चकाचक. आमच्या मिस्त्रीदादांनी पहिल्यांदा बॉनेट उघडलंच नाही. दार उघडून क्लचच्या पेडलचं रबर बघितलं, गुळगुळीत झालेलं. एवढ्या किलोमीटरला रबर असं होत नाही. मग खाली वाकून मागच्या पाट्यांचे हँगर बघितले, तिथं तेवढ्याच जागी काळा रंग ताजा, नखानं खरवडला तर खाली वेल्डिंग. मग इंजिन चालू ठेवून ऑइल टाकायचं झाकण काढलं आणि भकभक धूर, बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन आतून झिजलेलं. यार्डवाला म्हणाला नव्या गाड्यांना एवढं असतंच. दादा म्हणाले हो का, आणि आम्ही चहा न पिता निघालो. तर तुम्ही जाताना ही तीन ठिकाणं बघाच, आणि गाडी सकाळी थंड असताना सेल्फ मारून बघायची, आम्ही पोचलो तर बॉनेट आधीच गरम होतं. आरसीवर फायनान्सचा बोजा आहे का, चलान किती थकलेत, फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवायला ठीक असल्याचा दाखला) कधी संपतंय हे ऑनलाइन दिसतं, ते बघायला नंबर पुरतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत पूर्ण पैसे द्यायचे नाहीत.

जुन्या गाडीचं वय पण मोजा. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी, आणि आपल्याकडं आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीला पर्यावरण कर लागतो. म्हणजे सहा वर्षांची स्वस्त गाडी दोन वर्षांत तेवढी स्वस्त राहत नाही.

आणि मग २२ सप्टेंबर २०२५ ला मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नव्या गाडीची किंमत खाली आली, पण यार्डवाले जुनेच भाव सांगत बसले होते. फरक एवढा कमी राहिला की वॉरंटी सोडून कुणाच्या तरी रेतीचे दणके विकत घेण्यात मला काही अर्थ दिसला नाही. तुम्हाला गावातल्याच कुणाची, डोळ्यासमोर चाललेली गाडी मिळत असेल तर गोष्ट वेगळी, ती जरूर घ्या.

हप्त्याचं सांगते आणि हे नीट वाचा. शोरूममधला माणूस म्हणतो फक्त ७ टक्के. तो फ्लॅट असतो, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण कर्जावर व्याज. ८ लाखावर ७ टक्के फ्लॅट पाच वर्षांना म्हणजे व्याज २ लाख ८० हजार, हप्ता बरोबर १८ हजार. हाच हप्ता घटत्या बाकीवर, म्हणजे फेडून उरलेल्या रकमेवर, मोजला तर व्याज साडेबारा टक्के पडतं. बँक जेव्हा १० टक्के घटत्या बाकीवर म्हणते तेव्हा हप्ता १७ हजार बसतो. म्हणजे १० टक्केवाला स्वस्त आणि ७ टक्केवाला महाग. हप्ता गुणिले महिने एवढा एकच गुणाकार त्याच्यासमोर मोबाइलवर करा, बाकी त्याला बोलू द्या. आणि इन्शुरन्स हप्त्यात धरलेला नसतो, साडेसात टनाच्या आतल्या मालवाहूला नुसतं थर्ड पार्टीच २०२२ च्या दरानं १६,०४९ होतं, वर गाडीच्या नुकसानीचं वेगळं, वर जीएसटी. शेतकऱ्याचे पैसे हंगामात येतात आणि हप्ता दर महिन्याला, म्हणून आम्ही कांदा विकल्याच्या पट्टीतून सहा हप्ते आधीच बाजूला ठेवतो. तात्यांना हे पटत नाही, बँकेत पैसे पडून राहिले म्हणतात.

इलेक्ट्रिकचं पण विचारतात. टाटाचा एस ईव्ही आहे, महिंद्राची झीओ आहे, ठरलेल्या छोट्या रूटवर दूध, ब्रेड टाकणाऱ्यांनी बघावी. माझ्या मार्केटच्या रस्त्याला आणि आमच्या लाइटच्या वेळापत्रकाला अजून नाही.

राहिली जुनी. एक्सचेंजला शोरूमनं फार कमी सांगितली, भंगारात दिली असती तर सर्टिफिकेटवर नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये सवलत मिळते, मालवाहूला १५ टक्क्यांपर्यंत, पण शेवटी वीटभट्टीवाल्या एकानं दोन्हीपेक्षा जास्त दिले. सेल्फचं, रेडिएटरचं सगळं सांगून दिली, तो म्हणाला माझी भट्टी उतारावरच आहे. तुम्ही कुणालाही द्या पण आरसी त्याच्या नावावर होईपर्यंत चावी देऊ नका, तोंडी भरवशावर दिलेल्या गाडीची चलान तुमच्याच नावानं येत राहतात. आणि काचेवरचा फास्टॅग काढून बंद करून घ्या, यांनी तो तसाच ठेवला होता आणि टोलचा पहिला मेसेज माझ्या मोबाइलवर आला.